फासल्याचा हिशोब

आम्ही उर्दू माध्यमाच्या हायस्कुलात गणित शिकवतो. मराठी शाळेतली मुले ज्याला वर्तुळ म्हणतात त्याला आमच्या वर्गात दायरा म्हणतात, केंद्राला मर्कज आणि अंतराला फासला. हे आधीच सांगून ठेवतो, कारण ज्या गोष्टीवर लिहायला बसलो आहोत ती सगळी फासल्याची गोष्ट आहे.

मोबाईलवर अशी काही ॲप आहेत की ज्यांवर पुरुषाशी दोस्ती करू पाहणारा पुरुष आपल्या आसपास आपल्यासारखे कोण आहेत ते पाहू शकतो. सर्वांत माहितीतले ॲप म्हणजे ग्राइंडर. ते 2009 साली अमेरिकेत सुरू झाले. उघडले की पडद्यावर छोटे छोटे चौकोन दिसतात, प्रत्येक चौकोनात एक माणूस, सर्वांत जवळचा सर्वांत वर. चौकोनाला बोट लावले की तो किती मीटर किंवा किती किलोमीटर दूर आहे ते समजते. अठरा वर्षांखालच्यांना तिथे मनाई आहे. नाव जरा विचित्र आहे. आमच्या धाकट्या बहिणीने एकदा फोनवर ते वाचले आणि विचारले, "भाई, ग्राइंडर मंगाये क्या? अम्मी का मिक्सर तो अच्छा चलरा." आम्ही हो म्हणालो. अम्मीला एक मिक्सर जास्तीचा मिळाला.

वाचक विचारतील, हे 'आम्ही' म्हणजे कोण? उर्दूत एकटा माणूससुद्धा स्वतःला 'हम' म्हणतो, ती सवलत आम्ही घेतली आहे. पण आमच्यासारखे पुष्कळ आहेत, हेही खरे आहे. मोहल्ल्यात आमच्यासाठी जे शब्द आहेत ते सगळे शिव्या आहेत, म्हणून या लेखात त्यांचा उपयोग नाही. मराठीत समलिंगी म्हणतात. हा शब्द आम्हाला वर्तमानपत्रातून मिळाला, घरातून नाही.

बी.एड. झाल्यावर आम्हाला नोकरी मिळाली ती रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीकाठच्या एका गावात. घर सोलापूरला. गावात अर्धी घरे बंद, माणसे कुवेत, कतार, दुबईला. संध्याकाळी मगरिबनंतर रस्त्यावर चिटपाखरू नसे. रेंज यायची ती शाळेच्या मागच्या कातळावर. तिथे बसून पहिल्यांदा ते ॲप उघडले तेव्हा सर्वांत वरचा चौकोन 31 किलोमीटरवर होता. त्यात चेहरा नव्हता, मोटारसायकलच्या टाकीचा फोटो होता. त्याच्या खालचा त्याहून दूर, त्यात समुद्र. कुणाचा गुलाब, कुणाचा नुसता काळा चौकोन. आमचाही काळाच होता.

त्या 31 किलोमीटरने आम्हाला जी राहत दिली ती कशी सांगावी? वयाच्या सत्ताविसाव्या वर्षापर्यंत आमची अशी समजूत होती की संपूर्ण कौमेत हा रोग फक्त आपल्यालाच आहे. टाकीवाल्याने रात्री लिहिले, "सलाम. जेवलात का?" बस्स, एवढेच. तो आमच्यासारखाच नमाजी निघाला. पुढे दोन महिने आम्ही गप्पा मारल्या, त्याही मुख्यतः बदली, पगार आणि आईच्या मधुमेहाबद्दल. या ॲपवर नुसती बदफैली चालते असे ज्यांना वाटते त्यांनी ऐकावे. तीही चालते, आम्ही नाकारत नाही. पण तिथे एकटेपणा फार मोठा आहे, आणि एकटा माणूस शेवटी जेवणाचेच विचारतो.

मग ईदच्या सुट्टीत सोलापूरला घरी आलो. रात्री सवयीने ॲप उघडले. पहिला चौकोन साठ मीटरवर.

गावी फासला जास्त म्हणून दुःख होते. इथे तो इतका कमी की घशाला कोरड पडली. साठ मीटरमध्ये आमच्या बोळात किती घरे येतात? पत्र्याची, माळ्याची धरून चाळीसेक तरी. एका घरातली शिंक दुसऱ्या घरात ऐकू येते. आम्ही मनात दारे मोजू लागलो. तो अब्बांबरोबर पहिल्या सफेत उभा राहणारा असेल? कोपऱ्यावरचा किराणावाला? तोही त्याच क्षणी आमची दारे मोजत असणार. ॲप आम्ही लगेच बंद केले. दुसऱ्या दिवशी असरला जो भेटला त्याच्या नजरेत आम्ही काहीतरी शोधत राहिलो आणि तेच काहीतरी आपल्या नजरेत दिसू नये म्हणून मान खाली घालत राहिलो.

आता थोडे गणित. समजा तुम्ही एका जागी उभे आहात आणि ॲप सांगते की अमुक माणूस 500 मीटरवर आहे. तुमच्या जागेला मर्कज मानून 500 मीटरचा दायरा काढा. तो माणूस त्या रेषेवर कुठेतरी आहे. दुसऱ्या जागी जाऊन दुसरा दायरा काढा. दोन दायरे एकमेकांना दोन नुक्त्यांवर छेदतात. तिसरा दायरा काढला की त्यातला एकच नुक्ता उरतो. तो नुक्ता म्हणजे त्या माणसाचे घर. दहावीतल्या मुलाला कंपास दिला तर तो हे करून दाखवील. 2014 साली जाणकारांनी ग्राइंडरवर हे करून दाखवले, आणि त्यासाठी त्यांना जागचे हलावेही लागले नाही. फोनला खोटी जागा सांगितली की झाले. अंतराचा आकडा लपवण्याची सोय ॲपमध्ये आहे. पण 2016 मध्ये जपानमधल्या क्योतो विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले की आकडा लपवला तरी जवळचा आधी, लांबचा नंतर हा क्रम उरतो, आणि दोन खोटी खाती मधे पेरली तर तेवढ्यावरूनही माणूस सापडतो. वर 2021 मध्ये नॉर्वेच्या सरकारी यंत्रणेने या कंपनीला साडेसहा कोटी क्रोनर दंड ठोठावला, लोकांची माहिती योग्य संमतीशिवाय जाहिरातवाल्यांना दिली म्हणून.

आमच्या खाडीकाठच्या लोकांना हे कळणे जास्त जरुरीचे आहे. इजिप्तमध्ये पोलीस अशा ॲपवर खोट्या नावाने बसून माणसे पकडतात अशी बातमी 2014 मध्ये आली, तेव्हा कंपनीने तिथे आणि अशाच आणखी काही देशांत अंतर दाखवणे बंद केले. पुढे 2023 मध्ये ह्युमन राइट्स वॉचने इजिप्त, इराक, जॉर्डन, लेबनॉन आणि ट्युनिशिया या पाच देशांतल्या अशा हकीकती अहवालात छापल्या. फोनमधला एक फोटो, एक संदेश, आणि माणूस कोठडीत. गावातला कुणी आखाताला निघाला की बायाबापड्या लोणचे, पापड, सुकी मासळी बांधून देतात. फोनमध्ये काय ठेवू नये हे त्याला कोण सांगणार?

आपल्याकडे पोलीस नाहीत तर टोळ्या आहेत. सोलापुरात आमच्या ओळखीचा एक शिंपी आहे, आमच्याच वयाचा. गोड गोड बोलून त्याला शहराबाहेर हायवेच्या कडेला बोलावले. तिथे चारजण होते. मारले, कपडे काढून व्हिडिओ घेतला, फोनवरून अठरा हजार वळते करून घेतले आणि महिन्याला पाच हजारांची बोली केली. त्याने दोन हप्ते भरले. तिसऱ्याला आमच्याकडे आला.

आम्ही त्याला कायदा सांगितला. 377 कलम इंग्रजांनी 1860 च्या कायद्यात घातले. दिल्ली हायकोर्टाने 2009 मध्ये सज्ञानांच्या राजीखुशीपुरते ते रद्द केले, सुप्रीम कोर्टाने 2013 मध्ये परत आणले आणि 6 सप्टेंबर 2018 ला स्वतःच बाद केले. 1 जुलै 2024 पासून जी भारतीय न्याय संहिता लागू झाली तिच्यात ते कलमच नाही. खंडणीचे मात्र आहे, 308. म्हणजे गुन्हेगार ते चौघे. पैसे ऑनलाइन गेले असतील तर 1930 वर फोन करता येतो. शिंप्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "सर, कायदा बराबर है. मगर चौकी में जो हवालदार बैठता, उसकी शेरवानी मैंने सी है."

आम्ही निरुत्तर झालो. पण त्याच्याबरोबर गेलो. हवालदार नव्हता, दुसरे साहेब होते. तक्रार घेतली, जरा हसत हसत घेतली, पण घेतली. हप्ता बंद झाला.

इथे प्रा. श्रीनिवास रामचंद्र सिरस यांची आठवण होते. ते अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवत, आणि त्यांच्या कवितेला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळालेला. फेब्रुवारी 2010 मध्ये काही लोक कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसले. विद्यापीठाने घुसणाऱ्यांऐवजी सिरस सरांना निलंबित केले. 1 एप्रिलला अलाहाबाद हायकोर्टाने निलंबनाला स्थगिती दिली; 7 एप्रिलला ते मृतावस्थेत सापडले. तेव्हा कुठल्या ॲपची गरज पडली नव्हती. मजहबी मसल्यात फतवा देण्याची आमची लायकी नाही, उलेमा काय म्हणतात ते आम्ही जाणून आहोत. पण सूरह हुजुरातमध्ये तजस्सुसची, म्हणजे दुसऱ्याच्या आयुष्यात डोकावून ऐब शोधण्याची मनाई आहे, हेही आम्ही मदरशात त्याच उस्तादांकडून शिकलो.

आणि आता आमचे स्वतःचे. त्या चौकोनांतले पुष्कळजण बीवी-बच्चेवाले आहेत. रात्री अकरानंतर बायको झोपली की ते येतात. त्यांच्यावर आम्ही दगड मारत नाही; पण त्या झोपलेल्या बाईचा हिशोब कुणीच करत नाही. मागच्या वर्षी अक्कलकोटहून आमच्यासाठी रिश्ता आला. मुलगी डी.एड. झालेली, शालीन, अम्मीला पसंत. आम्ही नाही म्हणालो. अब्बांनी कारण विचारले, आम्ही पगार अपुरा असल्याचे सांगितले, आणि ते खरे मानले गेले नाही. बहिणीला मात्र खरे सांगितले, गच्चीवर, लाइट गेलेली असताना. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अच्छा किये भाई. उस लडकी पे जुलूम हुआ होता." आणि खाली जाऊन अम्मीशी आमच्या वतीने भांडली.

अम्मी आठ दिवस आमच्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी ताट वाढले. पुढचा रिश्ता शव्वालमध्ये आणते असे खाला सांगून गेली आहे.