हक्कांचा जमाखर्च

दिवसाला एक शिलिंग सव्वानऊ पेनी. १७७२ साली इंग्लंडमधल्या लुइस गावच्या एका अबकारी अधिकाऱ्याने आपल्या कमाईचा हा आकडा काढला. कागदोपत्री पगार वर्षाला ५० पौंड. त्यातून कर आणि किरकोळ खर्च वजा जाता उरत ४६. फिरतीसाठी पाळाव्या लागणाऱ्या घोड्याच्या दाणावैरणीत आणखी १४ जात. उरलेल्या ३२ पौंडांत बायकापोरे जगवणारा माणूस लाच घेणार नाही अशी अपेक्षा सरकारने कोणत्या तोंडाने करायची, असा त्याचा सवाल होता. पगारवाढ झाली नाही. १७७४ साली नोकरी गेली आणि त्याच वर्षी त्याने अमेरिकेची वाट धरली. त्याचे नाव टॉमस पेन.

नैसर्गिक हक्क आणि सामाजिक करार हा विषय वर्गात शिकवला जातो तेव्हा हॉब्ज, लॉक आणि रूसो ही तीन नावे ओळीने येतात. १६५१चा ‘लेव्हायथन’, १६८९चे लॉकचे दोन निबंध, १७६२चा रूसोचा ‘सामाजिक करार’. राज्य माणसांच्या संमतीतून उभे राहते, हे तिघांनी आपापल्या परीने मांडले. पेनला मात्र प्रचारक ठरवून दोन ओळींत उरकतात. हा अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ब्रिटिश पार्लमेंटचा सदस्य एडमंड बर्क याने १७९० साली फ्रेंच क्रांतीवर कडाडून टीका केली. शंभर वर्षांपूर्वी खुद्द इंग्लंडमध्ये झालेल्या राज्यक्रांतीनंतर तिथल्या पार्लमेंटने राजा विल्यम आणि राणी मेरी यांच्याशी स्वतःला आणि आपल्या वंशजांनाही कायमचे बांधून घेतले आहे, असा त्याचा आधार होता. पेनने १७९१ साली ‘राइट्स ऑफ मॅन’च्या पहिल्या भागात या आधारावरच घाव घातला. शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांना आज जिवंत असलेल्यांवर हुकूम गाजवण्याचा अधिकार कुणी दिला? प्रत्येक पिढी आपल्यापुरती तितकीच स्वतंत्र असते. जुना कायदा चालू राहतो, कारण जिवंत माणसे तो रद्द करत नाहीत. त्यांची ही मूक संमती हाच त्याचा आधार. करार एकदाच झाला आणि संपला, ही समजूत इथे मोडून पडते.

खरा ऐवज मात्र दुसऱ्या भागात, १७९२ साली आलेल्या पुस्तकाच्या पाचव्या प्रकरणात आहे. तिथे अबकारी खात्यातला जुना माणूस पुन्हा लेखणी-कागद घेऊन बसतो. सरकारी महसूल किती, फौजेवर आणि दरबारावर किती जातो, त्यात कपात केली तर काय उरेल, हे तो मांडतो. उरलेल्या पैशातून गरीब घरातल्या १४ वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे वर्षाला ४ पौंड द्यायचे, अट एकच: मूल शाळेत गेले पाहिजे. पन्नाशी उलटलेल्या गरजूंना वर्षाला ६ पौंड, साठीनंतर १०. कामाच्या शोधात घरापासून दूर मरण आलेल्यांच्या अंत्यविधीचा खर्चही त्याने धरला आहे. आणि ही भीक नव्हे, हक्क आहे, हे तो ठासून सांगतो. कारण गरीब माणूसही रोजच्या वस्तूंवर जन्मभर कर भरत असतो. म्हातारपणी मिळणारी रक्कम त्या पैशाच्या व्याजाहून फारशी जास्त नाही, हेही त्याने आकडेमोड करून दाखवले.

पहिल्या भागाची किंमत तीन शिलिंग होती, तोवर सरकारने काणाडोळा केला. सहा पेनींच्या स्वस्त आवृत्त्या कामगारांच्या हाती पडू लागल्या तेव्हा खटला उभा राहिला. मुलांच्या खाऊच्या पुड्यासुद्धा या पुस्तकाच्या पानांत बांधल्या जात आहेत, अशी तक्रार सरकारी वकिलाने भर न्यायालयात केली. डिसेंबर १७९२मध्ये पेनला दोषी ठरवले गेले. तोवर तो फ्रान्सला पोचून तिथल्या राष्ट्रीय सभेत निवडूनही आला होता. तिथे त्याने राजाच्या देहदंडाला विरोध केला आणि पुढे तुरुंग भोगला.

या पुस्तकाचा पुण्याशी धागा आहे. जोतीराव फुल्यांनी तरुणपणीच पेन वाचला होता, असे त्यांचे चरित्रकार नोंदवतात. त्यांचा युक्तिवाद पेनकडून आला असे मी म्हणणार नाही. शेतकऱ्याचे हाल पाहायला त्यांना परदेशी पुस्तकाची गरज नव्हती. पण १८८२ साली शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगाला दिलेले त्यांचे निवेदन पाहा. सरकारी महसुलाचा मोठा वाटा रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांना मिळतो, हा त्यांचा मुद्दा. म्हणून निदान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, आणि लोकलफंडाचा, म्हणजे स्थानिक करातून जमणाऱ्या निधीचा, निम्मा भाग केवळ त्यासाठीच राखून ठेवा, ही मागणी. एका बाबतीत तर जोतीराव पेनच्या पुढे गेले. मानवी हक्कांचा विचार मांडताना ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुस्तकात त्यांनी स्त्रीला पुरुषाच्या बरोबरीने उभे केले. पेनच्या पुस्तकात तिच्या राजकीय हक्कांची वेगळी मांडणी नाही.

राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एक विनंती. पेनचे ते पाचवे प्रकरण आणि फुल्यांचे निवेदन शेजारी ठेवून एकदा वाचा. निवेदन मूळ इंग्रजीत आहे, ‘महात्मा फुले समग्र वाङ्मया’त सापडेल, आणि एका बैठकीत वाचून होईल एवढेच आहे.