गोकाकचा धबधबा आणि हातातला कॅमेरा

पावसाळ्यात गोकाकला घटप्रभा सुमारे ५२ मीटर खाली कोसळते. हे दृश्य टिपायला १९९५ साली बाजारात आलेला मिनीडीव्ही कॅमकॉर्डर नवशिक्याला सोयीचा होता. तळहातात मावणारा, उघडता येणारा पडदा, तासाभराची इवलीशी कॅसेट. तोटेही होतेच. झुलत्या पुलावर चित्र हले, डिजिटल झूम लावला की ते फुटे, तिन्हीसांजेला त्यात दाणे उठत. पाण्याचा गडगडाट घरच्यांचे बोलणे गिळून टाकी. म्हणून शहाणे लोक कॅमेरा काठावर तिकाटण्यावर ठेवून माणसांच्या जवळ जात. धबधबा दरवर्षी येतो, आजीचा आवाज पुन्हा येत नाही. अशा कॅसेटी तुमच्या कपाटात असतील, तर चालणारे यंत्र मिळतेय तोवर संगणकावर उतरवून घ्या.