बॉक्सवरचे चार आकडे

गाडी गॅरेजमधून आणली त्या संध्याकाळी बॉनेट उघडलं, टॉर्च आत धरला, आणि स्टिअरिंग बॉक्सवर आमच्या गाडीचे चार आकडे नव्हते. या गोष्टीला आता दोन वर्षं होतील. अजूनही रात्री मध्येच जाग आली की तो कोरा बॉक्स डोळ्यांसमोर येतो.

आमची प्रीमियर पद्मिनी १९८३ची. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, नंबर लावून चार वर्षं वाट पाहिली, तेव्हा मिळाली. ते तिला शेवटपर्यंत फियाटच म्हणायचे. १०८९ सीसीचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी काढलेल्या कंपनीची, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली गाडी, याचं त्यांना फार अप्रूप. अण्णा पिंपरीला एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर होते. गाडी घरी आली त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी त्यांनी नंबर-पंचाचा सेट काढला आणि हात पोचेल तिथे गाडीच्या नंबराचे शेवटचे चार आकडे ठोकले. स्टिअरिंग बॉक्सवर, स्टार्टरवर, जॅकवर, स्टेपनीच्या रिमवर. टॉर्च धरायला मी होते, सतरा वर्षांची. बॉक्सवरचा तिसरा आकडा जरा कललेला होता, कारण त्या क्षणी माझा हात हलला आणि उजेड सरकला. अण्णा काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, ‘‘आता हा आपला, ओळखायला सोपा.’’

बिघाड कळला तो पुण्याच्या मंडईत. गणपतीच्या आधीचा शनिवार, केवड्याची पानं आणि केळीचे खुंट घ्यायला गेले होते. टिळकांच्या पुतळ्यापाशी डावीकडे चाक वळवलं तर स्टिअरिंगचं चाक हातात अंगठाभर खाली बसलं, आणि हॉर्न आपोआप वाजायला लागला. चाक सरळ केलं की थांबे, वळवलं की सुरू. समोर खुंटांनी भरलेली हातगाडी, ती ओढणारा माणूस दचकून बाजूला झाला, फुलवाल्या बायका उठून बघायला लागल्या. हॉर्नचं बटण चाकाच्या मधोमध आणि त्याचा संपर्क स्टिअरिंगच्या दांड्याभोवती. चाक एका अंगाला कललं की तो संपर्क आपोआप टेकतो. शुक्रवार पेठेतल्या आमच्या वाड्यापर्यंत गाडी प्रत्येक वळणावर ओरडत आली.

मला दोष कुठे आहे ते त्याच दिवशी कळलं होतं. अण्णांनी शिकवलंच होतं तसं. गाडी उभी असताना चाक दोन्ही हातांनी धरून वर-खाली ओढायचं, दांड्याला आडवं. तिथे खडखड झाली तर स्टिअरिंगच्या नळीच्या तोंडाशी असलेला बुश गेला. मग चाक थोडंसं डावी-उजवीकडे फिरवायचं आणि दुसऱ्या माणसाने पुढच्या टायरकडे बघायचं. चाक फिरतंय आणि टायर हलत नाही, ते अंतर, म्हणजे प्ले, जास्त असेल तर बॉक्स किंवा टाय रॉड. आमच्या गाडीत दुसरी तपासणी ठीक होती. पहिलीत चाक असं डुगडुगत होतं की जणू दांडा नळीत नुसता टेकवून ठेवलाय. गिअरच्या दांड्याचा बुशही घासला होता, दुसरा टाकताना दांडा हाताला लोंबल्यासारखा लागायचा.

हे सगळं मी गॅरेजवाल्याला सांगितलं. शब्दन् शब्द सांगितला. गॅरेजचं नाव लिहीत नाही. तो ऐकून झाल्यावर म्हणाला, ‘‘मॅडम, साहेबांना पाठवा ना, त्यांच्याशी बोलतो.’’ आमच्या ह्यांनी आयुष्यात बॉनेट उघडलेलं नाही, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, ‘‘तरी पाठवा.’’ मी पाठवलं नाही. दुसऱ्या दिवशी फोन आला की बॉक्स गेलाय, पूर्ण प्ले आहे, जिवाशी खेळू नका. मी म्हटलं, प्ले नाही, बुश आहे. तो म्हणाला, ‘‘बुश या गाडीला मिळत नाही.’’ मग माझ्या मनातही भीती शिरली. स्टिअरिंगचं काम आहे, आणि आपण काही मेकॅनिक नाही. शिवाय गाडीची नोंदणी नूतनीकरणाला आली होती. पंधरा वर्षं झालेली गाडी दर पाच वर्षांनी आरटीओत नेऊन दाखवावी लागते, वर पर्यावरण कर. मी हो म्हटलं. ते ‘हो’ मला अजून गिळता येत नाही.

गाडी एकेचाळीस दिवस तिथे होती. दर आठवड्याला मी जायचे. कधी बॉक्स ‘उतरवलाय’, कधी ‘मुंबईहून येतोय’, कधी पोरगा गावाला. चौथ्या खेपेला गाडीचं पुढचं चाक काढलेलं आणि आत पावसाचं पाणी. पाचव्या खेपेला तिथल्या पोराने माझ्यासाठी खुर्ची पुसली आणि मालक समोर असून फोनवर बोलत राहिला, वीस मिनिटं. शेवटी बिल झालं चौदा हजार आठशे. त्यात ‘स्टिअरिंग बॉक्स, रिकंडिशन’ असं एका ओळीत लिहिलेलं. गाडी घरी आणताना पहिल्याच वळणावर हॉर्न वाजला. चाक तसंच डुगडुगत होतं.

आणि मग तो टॉर्च.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. म्हटलं, जुना बॉक्स परत द्या. तो म्हणाला, भंगारात गेला. म्हटलं, तो चांगला होता. म्हणाला, ‘‘मॅडम, तुम्हाला त्याच्यापेक्षा चांगला दिलाय.’’ मी त्या आकड्यांबद्दल सांगायला लागले आणि माझा आवाज फुटला. दोन गिऱ्हाईकं बघत होती. एक जण म्हणाला, ‘‘जाऊ द्या ना काकू, लोखंडच आहे.’’ मी बाहेर आले आणि रिक्षात बसून रडले. अण्णा गेले तेव्हा मी रडले नव्हते, कामं फार होती.

म्हणून सांगते, जुना पार्ट परत घ्या. पैसे देण्याआधी मागा. बिलावर ‘जुना पार्ट परत’ असं लिहून घ्या, आणि कोणी हसलं तर हसू द्या.

बुश मी करवून घेतला गंज पेठेतल्या एका लेथवाल्याकडून. चाक काढताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. बॅटरीची तार आधी सोडायची, आणि चाक दांड्यावर कुठे बसलंय त्यावर रेघ मारायची, नाहीतर परत बसवल्यावर चाक वाकडं आणि गाडी सरळ. पुलरने चाक सुटलं. आतून जुना बुश निघाला तो काळा, दगडासारखा कडक, एका अंगाला कागदासारखा पातळ. चाळीस वर्षं चाकाचा भार त्याच एका अंगाला पडला असणार. पर्समध्ये रुमालात गुंडाळून मी मंडईतून चालत गंज पेठेत गेले. अण्णा या वाटेवर हमखास सांगायचे की मंडईच्या इमारतीच्या खर्चाला फुल्यांनी नगरपालिकेत विरोध केला होता, ती आधी रे मार्केट होती, आणि पुढे तिला नाव मिळालं ते फुल्यांचंच. आणि फुल्यांचा वाडा इथे, गंज पेठेत. दर वेळी सांगायचे, दर वेळी तितकेच खूश व्हायचे.

लेथवर बसलेले मामा सत्तरीच्या पुढचे. त्यांनी साहेबांची चौकशी केली नाही. व्हर्नियर लावून बुश मापला, मग म्हणाले, ‘‘ताई, घासलेल्या बुशाचं माप घेऊन काय करू? दांड्याचं आणि नळीचं आणा.’’ मी घरी जाऊन मापं घेतली. दांडा जिथे बुशात फिरतो तिथे पॉइंट तीनने बारीक झाला होता. दुसऱ्या खेपेला मी हट्टाने गनमेटल सांगितलं, कारण अण्णा सगळ्याला गनमेटलच म्हणायचे. मामा म्हणाले, ‘‘नायलॉन करा.’’ मी ऐकलं नाही. गनमेटलचा बसवला. डुगडुग गेली, हॉर्न गप्प, मला केवढा आनंद. पण बाजीराव रस्त्याला वळले आणि हात सैल सोडला तर चाक परत सरळ आलंच नाही. बुश दांड्याला धरून ठेवत होता. वळण घेतलेली गाडी आपोआप सरळ होते, त्यावर आपण किती विसंबून असतो हे त्या दोन सेकंदांत कळलं. चाक ओढून आणावं लागलं. उजवीकडून पीएमपीची बस आली होती.

मामांनी मग नायलॉनचे दोन केले, एक वरचा, एक गिअरच्या दांड्याचा. दांडा आणि बुश यांत पतंगाच्या कागदाएवढी फट ठेवली. ‘‘घट्ट बसलं म्हणजे चांगलं बसलं, असं नसतं,’’ म्हणाले. दोन्हींचे मिळून साडेतीनशे रुपये. थोडं ग्रीस लावून मी स्वतः बसवले, ह्यांनी टॉर्च धरला. आता चाक वळवून सोडलं की हातातून अलगद फिरत परत येतं.

त्यानंतर किती तरी दुपारी मी नाना पेठेत घालवल्या. तिथे जुन्या पार्टच्या दुकानांत फियाटचे बॉक्स अजून सापडतात, ढिगाऱ्यात, तेलकट. मी एकेक उलटा करून बघायचे, अंगठ्याने काजळी पुसून. दुकानदार विचारायचे, काय पाहिजे. मी सांगायचे, आणि ते स्वतः उठून मागचे बॉक्स काढून द्यायचे. त्यांतल्या एकानेही मला खोटं काही सांगितलं नाही. आमचा बॉक्स मिळाला नाही. एका दुकानात मला इंडिकेटरचा स्विच मिळाला, चांगल्या स्थितीतला. मी तो घेतला. घरी येऊन पुसला तर मागच्या बाजूला सुईने कोणीतरी ‘बेबी’ असं कोरलेलं होतं.

तो स्विच आज आमच्या गाडीत आहे. बेबी कोण, तो कोणत्या गाडीतून निघाला, विकताना कोणाच्या डोळ्यांत पाणी आलं का, मी विचारलं नाही, आणि परतही नेऊन दिला नाही. अण्णा असते तर म्हणाले असते, पार्ट चालतोय ना? ते स्वतः मोटारीला स्कूटरचे बेअरिंग लावायचे. कधी कधी वाटतं, आमचा बॉक्स भंगारात गेला नसेल, कुठेतरी कोणाच्या तरी फियाटमध्ये बसला असेल आणि नीट वळवत असेल. मग लगेच त्या गॅरेजवाल्याने त्याचे किती घेतले असतील हे मनात येतं आणि पुन्हा हात थरथरतात.

अण्णांचा पंचाचा सेट माझ्याकडे आहे, लाकडी पेटीत, शून्य ते नऊ. नऊ नाही खरं तर, सहाच उलटा धरायचा. नव्या बॉक्सवर आपले चार आकडे ठोकायचे म्हणून मी दोनदा बॉनेट उघडलं. ह्यांना टॉर्चही धरायला लावला. दोन्ही वेळा हातोडी तशीच खाली ठेवली.