जसेच्या तसे

मी कला शाखेचा विद्यार्थी. संगणकाशी माझा संबंध यावा असे माझ्या कुंडलीत काही नव्हते. पण दिवाळीच्या सुटीत नांदेडला डिप्लोमा करणारा चुलतभाऊ साखऱ्याला आला आणि जाताना त्याचा जुना लॅपटॉप ठेवून गेला. त्यात सरावासाठी केलेला एक छोटा प्रोग्राम होता. तो नाव विचारतो. नावासाठी त्याच्याकडे १६ बाइटची जागा, पण येणारे नाव केवढे आहे हे तो मोजतच नाही. कारण त्यात सी भाषेतले 'गेट्स' वापरलेले. २०११ साली ते भाषेतून काढूनच टाकले. "हा फोडून दाखव," भाऊ म्हणाला.

मी आधी गावाचे नाव दिले. देवनागरीतले एकेक चिन्ह ३ बाइटांचे. नुसता 'स' म्हणजे २२४, १६४, १८४. 'साखरा'त काने धरून ५ चिन्हे, म्हणजे १५ बाइट, आणि शेवटचे शून्य १. आमचे गाव बरोबर मावले! 'हिंगोली'चे मात्र २१ होतात. पायली भरून सोयाबीन सांडावे तसा जिल्हा शेजारच्या जागेत सांडला आणि प्रोग्राम बंद पडला.

जिथे सांडते तिथेच पुढे 'काम संपल्यावर कुठे परतायचे' हा पत्ता असतो. त्यावर आपला पत्ता नेमका पाडला की प्रोग्राम आपले ऐकतो. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या अमेरिकन विद्यार्थ्याने सोडलेल्या 'वर्म'ची एक वाट हीच होती. ५१२ बाइटच्या जागेत ५३६ बाइट. त्याला शिक्षा झाली. (मी केले ते घरच्या लॅपटॉपवर आणि मालकाच्या सांगण्यावरून, हे प्राध्यापकवर्गासाठी नमूद करतो.)

माझ्या पत्त्यात १४४ हा आकडा होता. पायथन भाषेत चार ओळी लिहून तो पाठवला. दोन रात्री गेल्या, काही घडेना. "काय करायलास रे एवढ्या राती?" माय अंथरुणातून विचारी. तिसऱ्या रात्री प्रोग्रामकडे जाणारे सारे एका फायलीत उतरवून मोजले. मी पाठवले होते १४४. निघाले होते १९४ आणि १४४. नवा पायथन आकड्याला अक्षर समजतो आणि १२७ च्या पुढचे अक्षर असेल तर रीतीप्रमाणे दोन बाइटांत सजवून देतो. तक्रार नाही, सूचना नाही. जुना पायथन असे करीत नसे, आणि मी उतरवलेला धडा जुन्याचा होता! अवतरणचिन्हाआधी एक 'बी' लिहून, हे अक्षर नव्हे, बाइट आहेत, असे बजावावे लागते. शिवाय नेहमीच्या छपाईच्या आज्ञेऐवजी कच्चे बाइट सोडणारी आज्ञा वापरावी लागते. तसे केले. पत्ता नीट पडला.

भावाला फोन लावायला उठलो आणि पावसाळ्यातला अर्ज आठवला.

माय म्हणाली होती, "पावसानं नाही गेलं, नाल्याचं पाणी शिरलं वावरात." मी घरातला पहिला कॉलेजात जाणारा. कागदावर शोभेल असे लिहिले, 'अतिवृष्टीमुळे पिकाचे नुकसान झाले.' अर्ज परत आला. त्या आठवड्यात अतिवृष्टीची नोंदच नव्हती. "मी सांगितलं तेच लिहिलंस ना?" एवढेच तिने विचारले. मी हो म्हणालो होतो.

सकाळी वही घेऊन चुलीपाशी बसलो.

"माय, ते नाल्याचं पुन्हा सांग बरं."

"आता कशाला?" म्हणत तिने भाकरी उलथली आणि सांगू लागली.