चटईची लांबी

चटई विकत घेण्यास कांहीं विद्वत्ता लागते, असें आम्हांस २०२४ सालच्या जून महिन्यापर्यंत वाटत नव्हतें. संयुक्त राष्ट्रसंघानें २०१४ च्या डिसेंबरांत २१ जून हा आंतरराष्ट्रीय योगदिन म्हणून ठरविला आणि २०१५ पासून तो पाळला जाऊं लागला. आमच्या शाळेंत तो सभागृहांतील जुन्या सतरंज्यांवरच साजरा होई. २०२४ मध्यें मात्र चाळीस चटया घ्याव्या असें ठरलें, आणि मराठीच्या शिक्षकास हिशेब कळतो असा कोणाचा तरी गैरसमज झाल्यामुळें तें काम आमच्याकडे आलें.

दुकानदारानें दोन प्रकार दाखविले. एक ६८ इंच लांब व २४ इंच रुंद. दुसरा तितकाच रुंद, परंतु ६० इंच लांब, मुलांसाठीं म्हणून केलेला व अर्थातच स्वस्त. आम्हीं मनांत म्हटलें, शाळा मुलांची, तेव्हां चटयाही मुलांच्याच असाव्या. उरलेल्या पैशांत ग्रंथालयास दोन चांगले शब्दकोश येतील. शब्दकोश आले, आणि आम्ही आपल्या काटकसरीवर संतुष्ट झालों.

त्या वेळीं नववींत एक मुलगा होता. उंची ५ फूट १० इंच. ताडासन, वृक्षासन त्यानें उत्तम केलें. पुढें शवासनाची सूचना झाली. डोकें चटईवर ठेवावें तर टाचा व घोटे ओलसर फरशीवर. टाचा वर घ्याव्या तर डोकें फरशीवर. तो दोनदां वर सरकला, दोनदां खालीं सरकला, आणि शेवटीं गुडघे उभे करून पडून राहिला. शेजारून कोणी तरी "उंट बसला" असें पुटपुटलें व रांगच्या रांग हंसली. खरें सांगावयाचें तर आम्हीही हंसलों.

त्यानंतर तीन शनिवार योगाच्या तासास त्याचें पोट दुखलें. तिसऱ्या शनिवारीं आम्हीं त्यास सर्वांदेखत आळशी म्हटलें. तो कांहीं बोलला नाहीं. सोमवारीं त्याची आई भेटावयास आली. ती म्हणाली, "सर, त्याचें पोट दुखत नाहीं हो, त्याला चटई पुरत नाहीं. घरीं अंथरूणही पुरत नाहीं, पण तिथें त्याला कोणी हंसत नाहीं."

अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण आम्ही दरवर्षीं निबंधास देत आलों आहों. वाढत्या मुलानें अंथरूण पाहून पाय आखडावे, असा तिचा अर्थ आम्हीं कोणत्याही वहींत लिहिलेला चालवून घेतला नसता. आणि आम्हीं नेमकें तेंच केलें होतें. यशया संदेष्ट्याच्या २८ व्या अध्यायांत आखूड बिछान्याची व अपुऱ्या पांघरुणाची उपमा आहे. ती आम्हीं कितीदां तरी वाचून दाखविली असेल. पण दुकानांत ती आठवली नाहीं.

त्या सायंकाळीं आम्हीं त्या मुलाची क्षमा मागितली, शिवणवर्गाची टेप आणली, आणि त्यालाच मोजणीस मदतनीस म्हणून घेतलें. जें कळलें तें पालकांच्या उपयोगाचें आहे म्हणून सांगतों. मुलाचें डोकें भिंतीस लावून त्यास चादरीवर उताणें निजवावें व टाचांपाशीं खूण करावी. प्रौढ माणसास त्यापुढें चार बोटें पुरतात. मुलास वीतभर अधिक ठेवावी, कारण मुलगे वाढीच्या ऐन भरांत वर्षाला ७ ते ९ सेंटिमीटर वाढतात. नेहमीची ६८ इंची चटई म्हणजे बरोबर ५ फूट ८ इंच. तेवढ्या उंचीच्या मनुष्याससुद्धां ती एक बोटभर जागा सोडीत नाहीं. ७२ इंचांची मिळते, ८४ इंचांचीही मिळते. लांब चटई शाळेंत नेण्यास अवघड होईल ही भीति व्यर्थ आहे. गुंडाळली म्हणजे ती केवळ जाड होते, तिची वळकटी २४ इंचांचीच राहते. सायकलीच्या कॅरियरवर त्रास देते ती रुंद चटई, आणि रुंदी तर खांद्यांहून थोडी अधिक असली म्हणजे बहुतेकांस पुरे.

जाडीविषयीं आमचें मत थोडें हट्टी आहे. उपासनेंत उघड्या फरशीवर गुडघे टेकणाऱ्यांस मऊपणाची किंमत कळते, म्हणून आम्ही प्रथम १० मिलिमीटरच्या जाड चटईवर भाळलों. परंतु तीवर वृक्षासन करितांना पाऊल रुततें व तोल जातो. ४ ते ६ मिलिमीटर बरी. गुडघ्याखालीं घडी घालावी.

लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं कैवल्यधाम स्थापिलें, तेव्हां या रबरी चटया नव्हत्याच. गालिच्याखालीं घालावयाच्या न घसरणाऱ्या अस्तरापासून त्या पुढें युरोपांत निघाल्या. गीतेच्या सहाव्या अध्यायांत आसनासाठीं दर्भ, मृगाजिन व वस्त्र सांगितलें आहे. पण तें बसण्याचें आसन, त्यावर पाय पसरावयाचे नसतात. आमच्या विद्यार्थ्यानेंही नवी चटई येईपर्यंत आजोबांची घोंगडी आणली. ती लांबीला भरपूर होती, मात्र गुळगुळीत फरशीवर घसरे. म्हणून तिच्या वरच्या अर्ध्या भागाखालीं त्यानें शाळेची आखूड चटई घातली, आणि शवासनांत प्रथमच पाय सरळ केले. त्या दिवशीं कोणी हंसलें नाहीं. दोघांनीं तर पुढच्या शनिवारीं आपापल्या घरून घोंगड्या आणल्या, उंची साडेचार फूट असतांना.

पुढें साठ इंची चटया पांचवी-सहावीच्या वर्गांस दिल्या व वरच्या वर्गांसाठीं ७२ इंचांच्या बारा घेतल्या. त्यासाठीं त्या वर्षीं शब्दकोशांची खरेदी झाली नाहीं. या खेपेस मापें त्या मुलानेंच घेतलीं, आणि दुकानदाराशीं घासाघीसही त्यानेंच केली. ती आमच्यापेक्षां बरी झाली.

२०२५ च्या जूनमध्यें शाळा उघडली तेव्हां आम्हीं त्यास पुन्हां भिंतीपाशीं उभें केलें. तो पावणेदोन इंच वाढला होता. बहात्तरांतून आतां पाव इंच उरला आहे, आणि त्याची आई म्हणते कीं त्याचे मामा सहा फूट दोन इंच आहेत.