उशिराची रोवणी

पंचनाम्यातली ती ओळ अजून पाठ आहे: 'शेतकऱ्याने रोवणी उशिरा केल्याने प्रादुर्भाव.' वाणाबद्दल चकार शब्द नाही.

सिंदेवाही-नागभीडकडच्यांना धानावरची गादमाशी सांगायला नको. पिशवीवर 'गादमाशी प्रतिकारक' छापलं होतं, म्हणूनच जास्तीचे पैसे मोजले. भाद्रपदात बांधीत उतरलो तर चुडाचुडात पोंगे. एक उपटला. कांद्याच्या पातीसारखा पोकळ, चंदेरी. टोकाच्या छिद्रातून कोषाचं टरफल डोकावत होतं. पोंगा झालेल्या फुटव्याला लोंब येत नाही.

तोच पोंगा पंचनाम्याला आलेल्या पथकाला दाखवला. साहेबांनी बांधावरूनच विचारलं, "भाऊ, रोवणी कधीची?"

"बोडीत पाणीच नव्हतं जी. श्रावण अर्धा सरल्यावर झाली."

तेवढंच लिहून घेतलं. मी पिशवी पुढे केली, पावती पुढे केली. "ते नंतर बघू." नंतर कोणी बघितलं नाही. एकाचाही पाय चिखलाला लागला नाही. सही मात्र माझी घेतली. ती मी मुकाट्याने केली, हे जास्त बोचतं.

पुढे एका निवृत्त शास्त्रज्ञांनी सांगितलं की भारतात गादमाशीचे सात जैवप्रकार नोंदले गेलेत. एकीकडे टिकलेला वाण दुसरीकडे बळी पडतो, कारण तिथली माशी वेगळी. उशिराच्या धानावर ती जास्त येते, हेही खरं. म्हणजे ती ओळ खोटी नव्हती, अर्धी होती. पण वाण कुठल्या भागात तपासला, ते पिशवीवर छापायला काय हरकत आहे? दुकानात हे विचाराच.

त्या वर्षी उभ्या धानात गुरं सोडणार होतो. बायको म्हणाली, "थांबा, कोपऱ्यातल्या चुडी बघा." नऊ चुडी बिनपोंग्याच्या. आमच्या तालुक्याकडचे, नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे आठवले. तिसरीपर्यंत शिकलेल्या या माणसाने 1983 साली पटेल-3च्या बांधीतल्या तीन वेगळ्या लोंब्या जपल्या, त्यातून एचएमटी धान आला. 2018 साली ते गेले.

लोंब्या खुडून नऊ पुरचुंड्या बांधल्या. पुढल्या वर्षी नऊ ओळी लावल्या, मुद्दाम उशिरा, माशी यावी म्हणून. चार ओळींत पोंगे आले. त्याच्या पुढल्या वर्षी दोनच ओळी स्वच्छ उरल्या.

यंदा त्या दोन ओळींचे पऱ्हे पुन्हा उशिराच टाकलेत. बाकीच्या बांध्यांना मात्र दुकानातूनच पिशव्या आणल्या.