घर बंद आढळले

राजापूरच्या एखाद्या वाडीत बेलीफ समन्स घेऊन पोचतो, तेव्हा दाराला कुलूप असतं. घर उघडतं ते गणपतीला आणि शिमग्याला. मालक ‘मुंबईला’ असतो, आणि मुंबई म्हणजे दिवा, विरार की डोंबिवली हे शेजाऱ्याला ठाऊक नसतं. किंवा ठाऊक असूनही कोर्टाच्या माणसाला सांगायचं नसतं. बेलीफ शेरा मारतो, ‘घर बंद आढळले, प्रतिवादी मिळून आला नाही.’ दाव्याला पुढची तारीख पडते.

या एका कागदासाठी 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने अख्खा पाचवा आदेश खर्ची घातला आहे. समन्स शक्य तोवर प्रतिवादीच्याच हाती द्यायचं. तो घरी नसेल आणि इतक्यात भेटण्याची शक्यताही नसेल, तर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबातल्या सज्ञान माणसाकडे. नोकराकडे दिलेलं चालत नाही. 1976 च्या दुरुस्तीआधी हा सज्ञान माणूस पुरुषच असावा लागे. घरात शिकलीसवरलेली सून असली तरी तिच्या हाती दिलेलं समन्स नियमात बसत नसे. आता स्त्री-पुरुष हा भेद राहिलेला नाही.

मात्र ‘सोबत राहणाऱ्या’ या दोन शब्दांत आजही घरंच्या घरं अडकतात. वाटपाच्या दाव्यांत हे फार दिसतं. लग्न होऊन पंचवीस वर्षं सासरी नांदणाऱ्या बहिणीचा पत्ता दाव्यात माहेरचा दिला जातो. बेलीफ येतो, भाऊ सही करून तिचंही समन्स घेतो आणि कपाटात ठेवून देतो. जमिनीत ज्याचा हिस्सा बहिणीच्या गैरहजेरीने वाढणार, त्याच्याच हातात तिचं समन्स पडलेलं असतं. बहिणीला कळतं ते सातबारावर फेरफार झाल्यावर. अशी फाइल समोर आली की मी आधी बजावणीचा अहवाल उघडतो. ती त्या घरात राहत होती का, हा प्रश्न बेलीफने विचारला होता का, ते तिथे दिसतं. बहुतेकदा विचारलेलाच नसतो.

घरात कोणीच नसेल आणि वाजवी शोध घेऊनही माणूस मिळत नसेल, तर समन्सची प्रत दारावर डकवायची. इथे बेलीफच्या लेखणीला खरी किंमत येते. प्रत कोणत्या परिस्थितीत डकवली, घर कोणी दाखवलं, कोणाच्या समक्ष डकवली, हे सगळं नावपत्त्यासह लिहावं लागतं. अहवालासोबत शपथपत्र नसेल, तर न्यायालयाने बेलीफला शपथेवर तपासलंच पाहिजे. पण एका दिवसात तीन गावं उरकायची असली की पंचनाम्याच्या दोन ओळी होतात आणि पंच म्हणून कोपऱ्यावरच्या पानवाल्याचं नाव येतं. दोष एकट्या बेलीफचा नाही. ‘मु. पो. अमुक’ एवढाच पत्ता देणारा वादी आणि तो तसाच टाइप करून घेणारे आम्ही वकीलही त्यात आलो.

यानंतरची पायरी वर्तमानपत्रातल्या जाहीर समन्सची. प्रतिवादी बजावणी टाळण्यासाठी तोंड चुकवतो आहे, किंवा नेहमीच्या मार्गाने बजावणी होऊ शकत नाही, अशी न्यायालयाची खात्री पटली तरच ही वाट खुली होते. व्यवहारात मात्र एकदोन ‘घर बंद’ शेऱ्यांनंतर लगेच अर्ज टाकला जातो. नागपूरच्या एका जमिनीच्या दाव्यात असंच झालं. प्रतिवादी सापडला नाही, समन्स दारावर डकवण्याचा प्रयत्नही झाला नाही. थेट वृत्तपत्रातून बजावणी झाली आणि तिच्या जोरावर एकतर्फी हुकूमनामा. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो रद्द केला, आणि जानेवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाचाच निर्णय कायम ठेवला. माझ्या मते हा निकाल प्रत्येक दिवाणी वकिलाच्या टेबलावर हवा. मुदतीच्या कायद्याचा 123 वा अनुच्छेदही त्याच्याच शेजारी ठेवावा: एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेण्याच्या 30 दिवसांपुरती जाहीर समन्सने झालेली बजावणी ‘रीतसर’ धरलीच जात नाही. हुकूमनामा कळल्यापासून दिवस मोजले जातात. म्हणजे घाईने छापलेली जाहिरात वादीलाच काही वर्षांनी मागे खेचून आणते.

मोबाइलने या शोधाची तऱ्हा बदलली. जून 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात क्रेडिट कार्डाच्या थकबाकीचं प्रकरण होतं. थकबाकीदार नोटीस चुकवत होता. शेवटी कंपनीने व्हॉट्सॲपवर नोटिशीची पीडीएफ पाठवली. संदेश नुसता पोचला नाही, फाइल उघडलीही गेली, हे व्हॉट्सॲपवरच्या खुणांवरून दिसतं, असं म्हणत न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी ती बजावणी मान्य केली. जुलै 2020 मध्ये, कोरोनाच्या काळात, सर्वोच्च न्यायालयानेही ईमेल आणि संदेशसेवांची वाट मोकळी केली. तरीही क्रमांक त्याच माणसाचा आहे, हे दाखवण्याचं ओझं वादीवरच राहतं. खेड्यात एक सिमकार्ड घरातल्या तिघांच्या हातात फिरतं, हे बेलीफला जितकं माहीत असतं तितकं कोर्टाच्या इमारतीत बसून कळत नाही.

दावा लावणाऱ्यांना म्हणून विनंती, की पत्त्यात घराची खूण लिहा, मोबाइल क्रमांक द्या, मुंबईकर भावकीचा मुंबईतला पत्ता चौकशी करून मिळवा, आणि बहिणीचा पत्ता तिच्या सासरचाच द्या. आणि ज्यांच्या दारात बेलीफ येतो त्यांनी समन्स घ्यावं. नाकारलं तरी ते बजावलेलंच धरता येतं. हाती घेतलं, तर निदान कैफियत देण्यासाठी 30 दिवस मिळतात.